२८ विजय पुरले नाहीत: इंडियाना स्टेट आणि कॉन्फरन्सचं वजन

१७ मार्च २०२४ च्या रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघांची यादी जाहीर झाली. इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावच्या इंडियाना स्टेट विद्यापीठाचं नाव त्या यादीत नव्हतं. या संघाने मोसमात ३४ सामने खेळून २८ जिंकले होते. मिझुरी व्हॅली या आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, २० पैकी १७ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळवला होता. कॉलेजांमधले खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिची स्वतःची अधिकृत क्रमवारी, जिला नेट म्हणतात, तिच्यात तो देशातल्या पहिल्या तिसांत होता. ही क्रमवारी २०१८ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून इतक्या वरचा एकही संघ वगळला गेला नव्हता. त्याच यादीत ५४ व्या क्रमांकावरच्या व्हर्जिनियाला मात्र जागा मिळाली.

बातमी म्हणून हे प्रकरण दोन दिवस गाजलं. माझ्या मते ते त्याहून बरंच महत्त्वाचं आहे, कारण कॉन्फरन्सची ताकद कशी मोजतात आणि सामने कोण कुणाशी ठरवतं, या दोन्ही गोष्टींची गाठ इतकी स्पष्ट दिसेल असं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या वर्षी डिव्हिजन एक या सर्वात वरच्या पातळीवर ३६२ संघ आणि ३२ कॉन्फरन्सेस होत्या. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. विजेता ठरतो तो बहुतेक ठिकाणी मार्चमधल्या चार-पाच दिवसांच्या बाद फेरीच्या स्पर्धेतून, वर्षभराच्या गुणतक्त्यावरून नव्हे. त्या वर्षी उरलेल्या ३६ जागा निवड समितीने भरल्या. एक संघ वर्षाला जेमतेम तीसेक सामने खेळतो, त्यामुळे ३६२ पैकी बहुतेक संघ एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. मग समितीसमोर उरतं ते एवढंच: तुम्ही कुणाला हरवलं, कुठे हरवलं आणि ते किती तगडे होते.

‘नेट’ या नावावरून आपल्याकडच्या वाचकाला नेट रन रेट आठवेल, पण ही गोष्ट वेगळी आहे. २०२०-२१ पासून तिचे दोनच घटक आहेत. एक म्हणजे कुणाला, कुठे हरवलं याचं मोल. दुसरा म्हणजे प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मैदान लक्षात घेऊन काढलेली कार्यक्षमता, म्हणजे चेंडूच्या प्रत्येक ताब्यामागे किती गुण केले आणि किती दिले. या क्रमवारीवरून प्रत्येक सामना चारपैकी एका खणात टाकला जातो. या खणांना क्वाड्रंट म्हणतात. पहिल्या खणात जायचं तर प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला, त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला किंवा त्याच्या घरी पहिल्या ७५ मधला असावा लागतो. दुसऱ्या खणाच्या मर्यादा ७५, १०० आणि १३५. समितीच्या टेबलावर प्रत्येक संघाचा एक कागद असतो आणि त्यावर नजर सर्वात आधी जाते ती पहिल्या खणातल्या जय-पराजयांकडे.

इंडियाना स्टेटच्या कागदावर तिथे लिहिलं होतं: १ विजय, ४ पराभव.

हे आकडे कुठून आले ते सामना सामना करून पाहू. अलाबामाविरुद्ध त्यांच्या घरी, टस्कलूसात, नोव्हेंबरमध्ये: ८०-१०२ ने हार. मिशिगन स्टेटविरुद्ध त्यांच्या घरी, ३० डिसेंबरला: ७५-८७ ने हार. व्हॅलीतल्याच ड्रेकविरुद्ध त्यांच्या घरी, डे मॉइनमध्ये, जानेवारीत हार. ड्रेकविरुद्धच सेंट लुईसमध्ये, १० मार्चला, कॉन्फरन्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ८०-८४ ने हार. आणि एकमेव विजय पिओरियात, व्हॅलीतल्याच ब्रॅडलीच्या घरी. एवढे पाचच सामने. उरलेले एकोणतीस सामने या संघाने कितीही सुंदर खेळले असते तरी पहिल्या खणात शिरूच शकत नव्हते.

आणि ते सुंदर खेळत होते. २०२१ मध्ये जॉश शर्ट्स डिव्हिजन दोनमधल्या लिंकन मेमोरियलहून इथे प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या वर्षी २० सामने हरले, दुसऱ्या वर्षी २३ जिंकले आणि तिसऱ्या वर्षी हा संघ उभा राहिला. मधोमध रॉबी अविला, सहा फूट दहा इंचांचा, डोळ्यांवर खेळाचा जाड चष्मा, सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागेवर उभा राहून पॉइंट गार्डसारखे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या खेळाडूसारखे पास देणारा. त्याच्याभोवती आयझाया स्वोप, रायन कॉनवेल, ज्युलियन लॅरी आणि जेसन केंट. पाचही जण बाहेरून नेम साधू शकत असल्याने बचाव करणाऱ्याला कुणालाच मोकळं सोडता येत नसे. १९७९ मध्ये लॅरी बर्डने याच गावच्या संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ ने हरवलं. त्यानंतर पत्रकारांच्या साप्ताहिक क्रमवारीतल्या पहिल्या पंचविसांत इंडियाना स्टेटचं नाव पुन्हा आलं ते थेट १२ फेब्रुवारी २०२४ ला. मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली होती.

कॉन्फरन्सची बेरीज शून्य

आता मूळ मुद्दा. मिझुरी व्हॅलीत १२ संघ होते आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले २० सामने. म्हणजे मोसमभरात एकूण १२० सामने आपसातले. त्यात १२० विजय आणि १२० पराभव होणार हे आधीच ठरलेलं. ड्रेक जिंकलं तर ब्रॅडली हरणार, ब्रॅडली जिंकलं तर बेलमाँट हरणार. आपसात कितीही झुंजलं तरी घरातला पैसा घरातच फिरतो, बाहेरून एक दमडी येत नाही. कॉन्फरन्सची सरासरी वर जाते ती फक्त नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा प्रत्येक संघ बाहेरच्यांशी दहा-अकरा सामने खेळतो. ते संपले की कॉन्फरन्सचं वजन जवळपास ठरून जातं आणि पुढचे तीन महिने सगळे त्याच वजनात खेळतात.

म्हणून इंडियाना स्टेटचं भवितव्य इंडियाना स्टेटच्या हातात फारसं नव्हतंच. ते तळाच्या वाल्परायसो, इव्हान्सव्हिल यांच्या डिसेंबरमधल्या निकालांवरही टांगलेलं होतं. घरी ८० व्या क्रमांकाच्या संघाला हरवलं तर तो विजय तिसऱ्या खणात जातो. अख्ख्या व्हॅलीत पहिल्या शंभरातले शेजारी ड्रेक आणि ब्रॅडली हे दोनच म्हणता येतील असे. म्हणजे वीस कॉन्फरन्स सामन्यांत पहिल्या खणाच्या संधी दोन: ड्रेकच्या घरी एक, ब्रॅडलीच्या घरी एक. त्यांपैकी एक त्यांनी साधली. तिसरी संधी सेंट लुईसमध्ये मिळाली, तीही अंतिम सामन्यापर्यंत पोचले म्हणून.

त्या वर्षी बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्समध्ये परिस्थिती अगदी उलटी होती. तिथून आठ संघ स्पर्धेत आले. अशा कॉन्फरन्समध्ये प्रतिस्पर्ध्याच्या घरचा जवळजवळ प्रत्येक सामना पहिल्या खणातला असतो. हरलात तरी कागदावर डाग पडत नाही आणि जिंकलात तर मोठी कमाई होते. दहा संधींपैकी चार साधणारा संघ समितीला लढवय्या वाटतो. पाच संधींपैकी एक साधणारा संघ तसा वाटत नाही.

बरं, बिग ट्वेल्व्हचं हे वजन तरी नोव्हेंबरमध्ये मोठमोठ्या संघांशी भिडून कमावलं होतं का? काही संघांनी तसं केलं, सगळ्यांनी नाही. आयोवा स्टेटचं त्या वर्षीचं कॉन्फरन्सबाहेरचं वेळापत्रक देशातल्या सर्वात हलक्या वेळापत्रकांपैकी होतं. दुबळ्या पाहुण्यांना घरी बोलावून मोठ्या फरकाने हरवलं की कार्यक्षमतेचा आकडा फुगतो, कारण तो ताब्यागणिक मोजला जातो आणि मोठ्या फरकाला तिथे वरची मर्यादा नाही. प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा हिशेब त्यात धरलेला असतो, तरीही अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडला की फायदाच होतो. आठ-दहा संघांनी हे केलं की जानेवारीत ते एकमेकांना भेटतात तेव्हा सगळेच वरचे संघ असतात आणि प्रत्येक सामना मोलाचा ठरतो. आयोवा स्टेटचा संघ खरोखरच उत्तम होता, त्यांनी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६९-४१ असं लोळवलं. माझा आक्षेप त्या संघावर नाही. आक्षेप आहे तो मोजपट्टीवर, जी एकाच तऱ्हेच्या नोव्हेंबरला एका कॉन्फरन्समध्ये बक्षीस देते आणि दुसरीत शिक्षा.

टेरे होटला कोण येणार?

‘मग मोठ्या संघांशी जास्त सामने ठरवा ना,’ हा सल्ला दरवर्षी मार्चमध्ये दिला जातो. तो देणाऱ्यांनी सामने ठरतात कसे ते एकदा नीट पाहावं.

कॉन्फरन्सबाहेरचे सामने कुणी वाटून देत नाही. प्रशिक्षक आणि त्यांचे सहायक उन्हाळ्यात फोनाफोनी करून ते ठरवतात. मोठं विद्यापीठ लहान विद्यापीठाला एका रात्रीसाठी घरी बोलावतं आणि त्याबद्दल रक्कम देतं, जी लाख डॉलरच्या घरात जाऊ शकते. याला बाय गेम म्हणतात. लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा वर्षाचा मेळ अशा तीन-चार धनादेशांवर बसतो. परतीचा सामना नसतो. मोठ्या संघाला तिकिटांचं उत्पन्न मिळतं, घरचं मैदान मिळतं आणि बहुतेक वेळा विजयही. मात्र पाहुणा फार चांगला असला तर तो या व्यवहारात नकोसा होतो. दोनशेव्या क्रमांकाच्या संघाला बोलावणं सुरक्षित असतं. चाळिसाव्या क्रमांकाच्या लहान संघाकडून घरी हरलात तर प्रेक्षक, माजी विद्यार्थी, देणगीदार सगळे प्रशिक्षकावर उखडतात, आणि जिंकलात तरी लोक म्हणतात, यात काय विशेष.

म्हणजे लहान कॉन्फरन्समधला संघ जितका चांगला होत जातो तितके त्याला चांगले सामने मिळणं अवघड होतं. २०१७ मध्ये याच व्हॅलीतल्या इलिनॉय स्टेटने कॉन्फरन्समध्ये १८ पैकी १७ सामने जिंकले, एकूण २७-६ अशी कामगिरी केली आणि तरी ते बाहेर राहिले. तेव्हा त्यांचे प्रशिक्षक डॅन मुलर यांनी मोठ्या संघांना आमच्याशी सामना ठरवा म्हणून जाहीर हाक दिली होती.

त्यात वेळेचाही घोळ असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात इंडियाना स्टेटकडे पाहणाऱ्याला दिसत होता आदल्या वर्षी २३-१३ असा राहिलेला संघ. तो पुढच्या मार्चपर्यंत पहिल्या तिसांत येईल हे कुणाला ठाऊक असणार? आणि ठाऊक झालं तेव्हा जानेवारी उजाडला होता, वेळापत्रकात रिकामी तारीख उरली नव्हती.

एक आठवडा, आणि मग आणखी एक

इंडियाना स्टेटची स्वतःची चूक नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पहिल्या पंचविसांत नाव आलं त्याच आठवड्यात ते इलिनॉय स्टेटकडून बाहेर हरले आणि चार दिवसांनी सदर्न इलिनॉयकडून स्वतःच्या घरी. बिग ट्वेल्व्हमधला मधल्या फळीतला संघ फेब्रुवारीत दोन सामने हरला तर कुणी दखलही घेत नाही. व्हॅलीत ते दोन डाग पुसायला पुढे सामनेच नसतात. त्या दोहोंपैकी एक जरी जिंकला असता तर निकाल बदलला असता असं मला वाटतं. पण ‘चुकायला जागाच नाही’ ही अट एका कॉन्फरन्सला लागू आणि दुसरीला नाही, हाच तर इथला प्रश्न आहे.

व्हॅलीची अंतिम लढत १० मार्चला होती, म्हणजे निवडीच्या बरोबर आठवडाभर आधी. ड्रेक जिंकलं, थेट प्रवेश त्यांना गेला. इंडियाना स्टेटला सात दिवस नुसतं बघत बसायचं होतं. त्या सात दिवसांत मोठ्या कॉन्फरन्सेसच्या स्पर्धांमध्ये एकामागून एक उलटफेर झाले. एरवी ज्यांना समितीने घेतलं नसतं असे संघ जिंकून थेट आत आले. एनसी स्टेटने एसीसीत पाच दिवसांत पाच सामने जिंकले. ओरेगॉनने पॅक-ट्वेल्व्ह जिंकली. रविवारी, यादी जाहीर व्हायच्या काही तास आधी, डुकेनने अटलांटिक टेनमध्ये व्हीसीयूला आणि यूएबीने अमेरिकन कॉन्फरन्समध्ये टेंपलला हरवलं. या चार संघांनी चार जागा नेल्या.

समितीने वगळलेल्यांत पहिले चार कोण तेही जाहीर होतं. क्रम असा होता: ओक्लाहोमा, सीटन हॉल, इंडियाना स्टेट, पिट्सबर्ग. म्हणजे इंडियाना स्टेट रांगेत तिसरं होतं. वरचे चार उलटफेर झाले नसते तर ते आत असते. एनसी स्टेटचा तर उपांत्य सामना व्हर्जिनियाशीच होता. व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे होतं, वेळ संपता संपता मायकेल ओकॉनेलने लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटून जाळीत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत एनसी स्टेट जिंकलं. तेच एनसी स्टेट पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचलं, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार करायला जीभ उचलत नाही.

व्हर्जिनिया का आत गेलं, याचं उत्तर समितीच्या बाजूनेही द्यायला हवं. त्यांनी त्रयस्थ मैदानावर फ्लोरिडाला हरवलं होतं, क्लेम्सनला क्लेम्सनमध्ये हरवलं होतं, घरी टेक्सास ए अँड एमला हरवलं होतं. हे तिन्ही संघ स्पर्धेत आले. इंडियाना स्टेटकडे घरी ड्रेकवरचा विजय आणि बाहेर ब्रॅडलीवरचा, बस्स. ‘कुणाला हरवलं’ एवढाच प्रश्न असेल तर समितीचं उत्तर बरोबर होतं. पण फ्लोरिडा व्हर्जिनियाशी खेळायला तयार झालं होतं, आणि एसीसीमुळे क्लेम्सनला व्हर्जिनियाशी खेळावंच लागलं. इंडियाना स्टेटशी खेळणं कुणालाच भाग नव्हतं. जी परीक्षा द्यायचीच परवानगी नाही तिचे गुण मागायचे, हे मला पटत नाही. दोन दिवसांनी डेटनमध्ये प्राथमिक फेरीत व्हर्जिनिया कोलोरॅडो स्टेटकडून ४२-६७ असं हरलं, पहिल्या अर्ध्यात त्यांचे अवघे १४ गुण झाले होते. एका रात्रीच्या खेळावरून निवड चुकीची ठरत नाही, हे मान्य. त्या वर्षी माउंटन वेस्टचे सहा संघ आत गेले आणि त्यातला एकच शेवटच्या सोळांपर्यंत पोचला, त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

व्हॅली रिकामी झाली त्याची गोष्ट

हीच मिझुरी व्हॅली २००६ मध्ये चार संघ पाठवत होती. लीगने तेव्हा आपल्या सदस्यांना दुबळे प्रतिस्पर्धी टाळायला लावलं होतं. सगळ्यांनी मिळून नोव्हेंबर सांभाळला आणि सगळ्यांचंच वजन वाढलं. ब्रॅडली आणि विचिटा स्टेट त्या वर्षी शेवटच्या सोळांत गेले. आणि तरीही त्याच वर्षी मिझुरी स्टेट बाहेर राहिलं, तेव्हाच्या आरपीआय या क्रमवारीत २१ वं असताना. आरपीआयच्या काळात वगळलेला सर्वात वरचा संघ तोच. म्हणजे जुन्या मोजपट्टीचा हा विक्रमही व्हॅलीचा आणि नव्या मोजपट्टीचाही व्हॅलीचाच.

पुढे २०१३ मध्ये क्रेटन बिग ईस्टला गेलं. २०१७ मध्ये विचिटा स्टेट अमेरिकन कॉन्फरन्सला गेलं. २०१८ मध्ये शेवटच्या चारांत पोचलेलं शिकागोचं लोयोला २०२२ मध्ये अटलांटिक टेनला गेलं. जो संघ वर येईल त्याला मोठी कॉन्फरन्स उचलणार आणि मागे राहिलेल्यांची सरासरी आणखी खाली येणार. तिघांपैकी एकालाही मी दोष देत नाही, कारण प्रत्येकाने हाच हिशेब केला असणार: इथे राहून २८ सामने जिंकण्यापेक्षा तिथे जाऊन २१ जिंकलेले बरे.

२०२४-२५ पासून समितीच्या कागदावर एक नवा आकडा आला. त्यामागचा प्रश्न साधा आहे: काठावरच्या एखाद्या संघाला हेच वेळापत्रक दिलं असतं तर त्याने किती सामने जिंकले असते, आणि तुम्ही त्याहून किती जास्त जिंकले? याला विन्स अबव्ह बबल म्हणतात. यात ७५ आणि ७६ क्रमांकांमधली कृत्रिम भिंत नाही, आणि सोप्या सामन्याचंही थोडं का होईना मोल आहे, कारण वीस सोपे सामने सलग जिंकणं सोपं नसतं. मला ही पट्टी खणांपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते. मात्र तीही फक्त खेळलेल्या सामन्यांचा हिशेब करते. मोठ्या संघाने नाकारलेला फोन तिच्यात कुठेच दिसत नाही. आणि ती कागदावर आली त्याच वर्षी एसईसी ही बलाढ्य कॉन्फरन्स तब्बल १४ संघ घेऊन आली आणि शेवटचे सोळाही सगळे बड्या कॉन्फरन्सेसचेच निघाले.

वगळल्यानंतर इंडियाना स्टेट एनआयटी या दुय्यम स्पर्धेत खेळलं. ओक्लाहोमा आणि पिट्सबर्गने तिकडे जायला नकार दिला. इंडियाना स्टेटला वरचं मानांकन असल्याने पहिले तीन सामने घरच्या मैदानावर मिळाले. बिग टेनमधलं मिनेसोटा आणि बिग ट्वेल्व्हमधलं सिनसिनाटी टेरे होटला आलं, कारण आता नियमाने यावंच लागत होतं. दोघंही हरले. उपांत्य सामन्यात पॅक-ट्वेल्व्हमधलं युटा हरलं. ४ एप्रिलला इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमध्ये अंतिम सामना झाला तो रांगेत त्यांच्या एक पाऊल पुढे उभ्या असलेल्या सीटन हॉलशी. इंडियाना स्टेट ७७-७९ ने हरलं.

त्यानंतर काही दिवसांतच संघ पांगला. शर्ट्स सेंट लुईस विद्यापीठात गेले, अविला आणि स्वोप त्यांच्यामागोमाग. कॉनवेल बिग ईस्टमधल्या झेवियरला गेला. लॅरी आणि केंट एसईसीमधल्या टेक्सासला गेले.

पुढच्या मार्चमध्ये टेक्सासची कामगिरी १९-१५ होती, कॉन्फरन्समध्ये ६-१२. समितीने त्यांना घेतलं. डेटनच्या प्राथमिक फेरीत १९ मार्च २०२५ ला त्यांच्यासमोर उभं होतं झेवियर. एका बाजूला लॅरी आणि केंट, दुसऱ्या बाजूला कॉनवेल. झेवियर ८६-८० ने जिंकलं.